हेडाऊ सरांचा धोटा

हेडाऊ सर चिडले की त्यांचा आवाज खाली यायचा. आमच्या संस्थेत बाकी सगळे चिडले की आवाज चढवत, सर उतरवत. इतका, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला नीट भांडता येत नाही. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काम केलं. त्यातल्या शेवटच्या तीन-चार वर्षांत त्यांचा आवाज बहुतेक वेळ खालीच होता, आणि त्याला थोडीफार मीही कारण आहे.

सक्करदऱ्याला, तलावापासून दोन गल्ल्या आत, एका घराच्या पहिल्या मजल्यावर आमचं केंद्र होतं. अंध मुलामुलींना तिथे कॉम्प्युटर शिकवत. मी डोळस. फोन घेणं, माहितीची पुस्तिका लिहिणं, पत्रव्यवहार सांभाळणं ही माझी कामं. सरांची दृष्टी सहाव्या वर्षी गोवराने गेली होती. एका सरकारी ऑफिसात ते टेलिफोन ऑपरेटर होते. नोकरीत असताना संध्याकाळी येत, आणि नोकरी मुदतीआधीच सोडल्यावर सकाळी माझ्याही आधी येऊन दारात उभे असत. कुलूप उघडायला दोन मिनिटं उशीर झाला की म्हणत, "तलावातलं पानी आटलं असन वं आतापर्यंत."

संस्थेचं जे काही नाव होतं ते सरांच्या एका प्रोग्राममुळे. अंध माणूस कॉम्प्युटर वापरतो तो कानाने. पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम मशीनमध्ये असावा लागतो. इंग्रजी वाचणारे असे प्रोग्राम होते, पण मराठी धड वाचणारा सरांना एकही सापडला नाही. तेव्हा त्यांनी एका इंजिनिअर मित्राला हाताशी धरून स्वतःच केला आणि त्याला नाव दिलं 'धोटा'.

धोटा म्हणजे हातमागावर उभ्या धाग्यांतून या कडेपासून त्या कडेपर्यंत धावतो, आडवा धागा घेऊन, तो. सर उमरेडच्या विणकर घरातले. वडिलांचा माग घरातच होता. डोळे गेल्यावर ते दिवसभर मागाजवळ बसून राहत आणि धोट्याच्या आवाजावरून बापाचा हात कुठवर आला ते सांगत. पण नाव ठेवण्यामागे एवढाच जिव्हाळा नव्हता. "पह्यले पन्नास नावं मशीनले बोलून पाहिली," ते सांगत. "मोठमोठी नावं म्हनताना तिची जीभ अडकून राहिली होती. धोटा मात्र सपकन म्हने."

अंध मुलांना बाकी काही ठाऊक नसलं तरी चालायचं, पण मशीन सुरू केल्यावर "धोटा तयार" असं ऐकू आलं की कॉम्प्युटर जागा झाला, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असायचं. डोळसांना पडदा उजळलेला दिसतो, त्यांना ते दोन शब्द. आवाज आला नाही तर कंट्रोल आणि आल्टबरोबर डी दाबायचं. हे सर पहिल्याच दिवशी शिकवत, माणसाचं नाव विचारण्याआधी.

सरांचा दिवस शब्द दुरुस्त करण्यात जाई. 'माझं' म्हणताना मशीन हिंदीतला झ लावी. 'चोर' असा म्हणे की तो कुठल्या तरी परप्रांतातून आल्यासारखा वाटे. सर एकेक शब्द पकडून नीट बसवत. स्वतः मात्र 'माहं' म्हणत. मी एकदा हसले, तर म्हणाले, "माहं मले चालते. मी उमरेडचा. मशीन परीक्षेले बसनार हाय." राज्यभरातून त्यांना फोन येत. कुणी म्हणे, सर, एक शब्द आणला आहे. मग दोघं त्या शब्दावर अर्धा तास बोलत.

पण गरीब बिचारे वगैरे ते अजिबात नव्हते. एकदा केंद्र बघायला एक मोठे पाहुणे आले. त्यांनी सरांसमोर उभं राहून मला विचारलं, "यांना चहा चालतो का?" सर खालच्या आवाजात म्हणाले, "तिले माहं पोट मालूम नाही साहेब. मलेच विचारा." पाहुण्यांना ऐकू गेलं नाही. ते वाकले. सरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि मग चहा घेतला नाही.

नावांवर तर त्यांचा जुनाच राग होता. "लहानपनी मी आंधया होतो," ते म्हणत. "शाळेत गेलो त अंध झालो. नोकरी लागली त कागदावर दृष्टिहीन. आता दिव्यांग. चार डाव बारसं झालं माहं. फुटपाथ होऊन राहिला का पन नीट? त्या चौकातला गड्डा आंधया होतो तवाही होता."

म्हणून संस्थेच्या सचिव मुळे मॅडम धोट्याचं नाव बदलायची कल्पना घेऊन आल्या, तेव्हाच मी ओळखलं की सरांचा आवाज उतरणार. मॅडम कॉलेजच्या प्राचार्य म्हणून निवृत्त झालेल्या. मनाने चांगल्या, संस्थेसाठी उन्हातान्हात फिरणाऱ्या. एक कंपनी धोटा मोबाइलवर आणून द्यायला तयार झाली होती. राज्यभर पोचवायची तिची तयारी होती. फक्त नाव तिला नको होतं. सुचवलेलं नाव होतं 'प्रकाशवाचा'.

खरं सांगायचं तर जुन्या नावाचा त्रास मलाही होत असे. फोन मीच घ्यायचे. "धोटा? की धोका?" हा प्रश्न मी दिवसातून चारदा ऐके. एका ऑफिसातले साहेब तर म्हणाले होते, "मॅडम, धोका नावाचा प्रोग्राम सरकारी मशीनमध्ये कोण टाकेल?" नवीन पालकांना ते नाव शोधून सापडत नसे. ध धनुष्याचा, ट टोपीचा, हे सांगून सांगून मी कंटाळले होते.

समितीत आम्ही सात जण. अंध एकटे सर. मुळे मॅडमनी सगळं नीट मांडलं, आणि मग सर बोलले. आवाज अजून ठिकाणावर होता.

"नाव बदलवा. माही जहागीर नाही ते. पन मले सांगा, जो मानूस 'धोटा तयार' ऐकून काम सुरू करते, त्याले एक दिवस भलतंच काही ऐकू आलं त तो काय समजनार? आपलं मशीन कोनी बदलवलं असं वाटन त्याले."

"सर, माहितीपत्रक काढू ना आपण," मॅडम म्हणाल्या.

"वाचून कोन दाखवनार? आन हे प्रकाश कायले पाहिजे? आम्ही आयकतो, मॅडम."

"लोकांपर्यंत पोचायला चांगलं नाव लागतं, सर. तुमचंच काम मोठं होईल."

सरांचा आवाज उतरला. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. एक वर्ष दोन्ही नावं ऐकू येऊ द्या. जुनी बटनं तशीच चालू ठेवा. आणि ज्या ऑफिसांच्या, परीक्षांच्या कागदांत धोटा हे नाव आहे, त्या सगळ्यांना आधी पत्रं जाऊ द्या. मॅडम लगेच "हो, हो" म्हणाल्या. मी तिन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहून घेतल्या. ते इतिवृत्त अजून असेल कुठेतरी.

मग मॅडम म्हणाल्या, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"हात वर केले काय?" सरांनी विचारलं. "मले कसं समजनार? तोंडानं सांगा. नाव घेऊन."

मॅडम ओशाळल्या. मग एकेक जण आपलं नाव घेऊन हो म्हणत गेला. माझी पाळी आली. "वनिता. हो," मी म्हटलं. सरांनी मान माझ्याकडे वळवली आणि पुन्हा सरळ केली. शेवटी त्यांनी आपलं नाव घेतलं, "मोरेश्वर हेडाऊ. नाही."

जिना उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "काहून वं?"

"सर, रोज फोनवर लोक धोका म्हणतात..."

"बरं," ते म्हणाले. पुढे कधीही त्यांनी तो विषय माझ्याजवळ काढला नाही. चार शब्द बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं.

नवं नाव आलं ते एका सोमवारी, कुणालाही न विचारता. रात्रीतून मशीनं आपोआप नवी झाली. दोन्ही नावं ऐकू येणार होती, ती आली नाहीत. जुनं बटन काढून टाकलेलं, डीच्या जागी पी. पत्रं तर कुणी पाठवलीच नव्हती. मॅडमना वाटत होतं कंपनी पाठवेल, कंपनीला वाटत होतं संस्था. आणि मला, जिच्या हातात संस्थेचा पत्रव्यवहार होता, वाटत होतं मॅडम सांगतील.

सकाळी साडेनऊला वाडीहून दिलीपचा फोन आला. दिलीप सरांचा जुना विद्यार्थी. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कुठला माल कोणत्या ट्रकने गेला त्या नोंदी कॉम्प्युटरवर करायचा. "सर, मशीन मुकं झालं," तो म्हणाला. "बाहेर सात गाड्या उभ्या आहेत."

सरांनी फोनवरच पी दाबायला सांगितलं. काही उपयोग झाला नाही. मग आम्ही ऑटो करून वाडीला गेलो. गोदामाच्या दारात ट्रकचे हॉर्न चालले होते आणि मालक दिलीपच्या खुर्चीमागे उभा होता. "मी म्हणतो, डोळेवाला माणूस पाहू का तोवर?" तो सरांना म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, अडला होता.

सर खुर्चीवर बसले. त्यांची बोटं त्या बटनांवर नेहमी किती भरभर चालत, ते मी रोज बघत असे. त्या दिवशी ती थांबत होती. दाबायची, वाट पाहायची, काही आवाज नाही. शेवटी ते म्हणाले, "वनिता, पडद्यावर काय लिहिलं हाय ते वाच." अकरा वर्षांत त्यांनी मला पडदा वाचायला सांगितलं ते तेवढंच एकदा. पडद्यावर एक चौकोन आला होता. 'प्रकाशवाचामध्ये आपलं स्वागत आहे. पुढे जाण्यासाठी येथे क्लिक करा.' मशीन बोलायला लागायच्या आधी तो चौकोन डोळ्यांनी वाचून बंद करायचा होता.

मी वाचून दाखवलं. सरांनी बोटं बटनांवरून उचलली. मी क्लिक केलं, आणि मशीन बोललं, "प्रकाशवाचा तयार."

दिलीप गोंधळला. "सर, हा प्रकाश कोण? आणि त्याला वाचा काय म्हणून राहिलं हे?"

"हाय एक," सर म्हणाले. "नवीन लागला कामाले. तू आपल्या गाड्या काढ."

त्या आठवड्यात केंद्राचा फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. सरांनी कंपनीला पत्र लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकाला उत्तर आलं, आणि प्रत्येक उत्तर एकच होतं, की आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत. सर मला ते दरवेळी मशीनकडून वाचून दाखवत. "पाह्य, 'बहुमोल' कसं झकास म्हनते. म्याच बसवला हा शब्द."

नंतर प्रणालीचं झालं.

प्रणाली कुही तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी. सरांच्या हाताखाली तीन वर्षं शिकली होती. एका सरकारी खात्यात लिपिकाची जागा निघाली, परीक्षा कॉम्प्युटरवर होती, आणि तिच्या वयाच्या अटीत बसणारी ती शेवटचीच संधी होती. तिला वाचक प्रोग्राम वापरायची लेखी परवानगी मिळाली होती. पत्रात लिहिलं होतं, 'धोटा या प्रोग्रामचा वापर करण्यास अनुमती आहे.'

परीक्षेच्या दिवशी तिच्यासोबत आम्ही दोघंही गेलो होतो. फाटकाच्या आत आम्हाला सोडलं नाही. पंधरा मिनिटांनी आतून एक शिपाई आला आणि म्हणाला, तुमच्या मुलीचं काहीतरी अडलं आहे. प्रणालीने मशीन सुरू केलं होतं. ते "प्रकाशवाचा तयार" म्हणालं. पर्यवेक्षकांनी पत्र काढून पाहिलं. पत्रात धोटा.

सर शिपायाच्या फोनवरून पर्यवेक्षकांशी बोलले. "साहेब, दोन्ही एकच हायेत. मीच केला तो प्रोग्राम."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू येत होतं. "असेल हो. पण कागदावर जे नाव आहे तेच मला चालेल. उद्या कुणी तक्रार केली तर?"

"नाव बदलवलं साहेब. वस्तू तेच हाय."

"मग बदललेल्या नावाचं पत्र आणा."

सरांचा आवाज खाली खाली गेला. पण फोनवर कुणी पुढे वाकत नाही. पलीकडचा माणूस दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

मी मुळे मॅडमना फोन लावला. मॅडमनी कुणाला, त्यांनी आणखी कुणाला. पन्नास मिनिटांनी आत परवानगी पोचली. गेलेली पन्नास मिनिटं कुणी परत दिली नाहीत. तेवढा वेळ सर फाटकाला एक हात लावून उभे होते. मी सावलीत यायला सांगितलं, तर आलेही नाहीत.

बाहेर आल्यावर प्रणाली म्हणाली, "सर, आवाज तोच होता. मी त्यांना म्हटलं, हा आमच्या सरांचाच आहे, मी आवाज ओळखते. ते म्हणाले, आवाजाचं नाव लिहिलेलं नाही पत्रात." शेवटचे पंचवीस प्रश्न तिने पाहिलेही नव्हते. निकालाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. पुढे ती आमच्याच केंद्रात शिकवायला लागली. चांगली शिकवते. पण तिला जे व्हायचं होतं ते हे नव्हतं.

सर त्यावर बोलले नाहीत, आणि रजेवरही गेले नाहीत. रोज येत, शब्द दुरुस्त करत. पूर्वी वर्गात मुलांना हसवत, ते मात्र बंद झालं. मला त्यांचा राग येई. वाटे, ओरडा ना एकदा. मॅडमवर ओरडा, माझ्यावर ओरडा, कंपनीच्या दारात जाऊन बसा. आणि मग स्वतःचा राग येई, की ऑफिसांना ती पत्रं मी लिहायची म्हटली असती तर एका दुपारचं काम होतं.

तीनेक वर्षांनी कंपनीने या कामातून अंग काढून घेतलं. प्रोग्राम परत संस्थेकडे आला, नावासकट. सरांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. मुळे मॅडमच्या मनाला ती परीक्षा कायम लागून राहिली होती. त्यांनी ठरवलं की सरांच्या सत्काराच्या दिवशी जाहीर करायचं, नाव पुन्हा धोटा. सरांना आधी सांगायचं नाही. आम्ही सगळे खूश होतो. मी तर त्या दिवशी नवी साडी नेसले होते.

शाल-श्रीफळ झालं. मॅडम उभ्या राहिल्या. "सर, आमची चूक झाली होती," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून तुमचा धोटा परत येतो आहे."

टाळ्या वाजल्या. सर उठले नाहीत. टाळ्या थांबायची त्यांनी वाट पाहिली.

"या तीन वर्षांत नवीन किती लोक शिकले?" त्यांनी विचारलं.

"बरेच, सर," प्रणाली म्हणाली. "मोबाइलवर आल्यापासून तर खूपच."

"त्याईले धोटा माहीत हाय काय?"

"नाही, सर," प्रणालीच म्हणाली.

"मंग नका बदलवू. आता हेच राहू द्या."

"सर, अहो तुमच्यासाठीच..." मॅडम म्हणाल्या.

"मले खूश करासाठी लोकाईच्या मशिनी मुक्या करता काय?"

प्रणाली उभी राहिली. "सर, माझी नोकरी त्या नावापायी गेली. तुम्हाला ते नाव ठेवायचं आहे?"

"म्हनूनच त वं, पोरी," सर म्हणाले. इतक्या हळू, की पहिल्या रांगेतली सगळी माणसं पुढे झुकली. "तुही एकटीची गेली ते पुरे नाही काय? अजून कोनाची जाऊ देऊ?"

सत्कार तिथेच विसकटला. पेढे वाटायचे राहून गेले. मॅडम चिडल्या होत्या, मला म्हणाल्या, "या माणसाला काही केलं तरी पटत नाही." त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. आम्हाला त्यांच्याकडून आमच्या चुकीतून सुटका हवी होती, आणि ते ती द्यायला तयार नव्हते. नाव तसंच राहिलं. जुनं बटन मात्र, सरांनी सत्काराहून निघताना पुन्हा एकदा सांगितल्यावर, पंधरा दिवसांत परत जोडलं गेलं. त्याला पंधरा दिवसच लागले.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते सत्काराच्याच संध्याकाळी. दुसऱ्याच दिवशी मी मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेले, आणि तिथेच मला सर हार्ट अटॅकने गेल्याची बातमी कळली.

त्या संध्याकाळी मी त्यांना सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर सोडायला गेले होते. स्टेशनवर गर्दी होती. आम्ही वर पोचतो तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडे कुठल्या तरी खेड्यातली बाई होती, नुकतंच शिकायला लागलेली. तिच्या मोबाइलचा आवाज गेला होता आणि ती रडकुंडीला आली होती. सरांनी शाल खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली, एका खांबाला पाठ टेकली आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.

एक मेट्रो गेली. दुसरी आली, तीही गेली. मला घरी जायचं होतं. मी शाल त्यांच्या पिशवीत घातली, दंडाला हात लावून "येते सर," म्हटलं. त्यांनी मान हलवली. सरकत्या जिन्यावरून खाली येताना मी वळून पाहिलं. माणसं दोन्ही बाजूंनी धावत होती, आणि सर त्या गलक्यात, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, चढ्या आवाजात बोलत होते.

"हो माय, प्रकाशवाचा. बरोबर म्हनून राहिली तू. प्रकाशवाचाच. घाबरू नको. आता सांग, बोट कुठं हाय तुहं?"